वऱ्हाडातली एका हिवाळ्याची लिली

अमरावतीच्या नर्सरीत जाऊन नुसतं ‘लिली द्या’ म्हटलं, तर हातात काय पडेल याचा नेम नाही. पहिल्या पावसानंतर उमलणारी रेन लिली, लांब बारीक पाकळ्यांची पांढरी स्पायडर लिली, ऐन मे महिन्यात पानांच्या आधीच लाल गोळा घेऊन जमिनीतून वर येणारी फुटबॉल लिली, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठी तांबडी फुलं देणारी ॲमरिलिस, नाहीतर टाक्यात तरंगणारी वॉटर लिली. बोलीत या सगळ्या लिलीच. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात मात्र यांतली एकही लिलियम नाही. लग्नाच्या स्टेजवर, पुष्पगुच्छात जी दिसते, सहा रुंद पाकळ्या आणि मध्ये लोंबते तपकिरी परागकोश, ती लिलियम. तिच्यातही दोन मोठे गट बागवानांना ठाऊक असावे लागतात. ओरिएंटल गटाची फुलं मोठी, बाजूला झुकलेली आणि दरवळणारी. एशियाटिक गटाची फुलं थोडी लहान, आकाशाकडे तोंड करून उभी, पिवळी, केशरी, पांढरी, गुलाबी, गर्द लाल, आणि त्यांना वास जवळजवळ नसतोच. वासासाठी निशिगंध आहेच. रंगासाठी मात्र हिवाळ्यात एशियाटिकशी बरोबरी करणारं फूल कमी.

हा लेख या एशियाटिक लिलीबद्दल आहे, आणि ती अमरावती-अकोल्यात येते का, या प्रश्नाचं उत्तर ‘येते’ असं आहे. फक्त ती इथे एका हिवाळ्यापुरती येते. तिला गुलाबासारखी वर्षानुवर्षं राहणारी समजून लावलं की दुसऱ्या वर्षी रिकामी कुंडी पाहावी लागते. हरभऱ्यासारखी, म्हणजे रब्बीच्या वेळापत्रकानं, नवं बियाणं आणून लावली तर जानेवारी-फेब्रुवारीत ती हमखास फुलते. हे असं का, ते कळण्यासाठी आधी तिच्या माहेराकडे पाहायला हवं.

एशियाटिक लिली ही रानातली एक जात नव्हे. सायबेरिया, अमूर नदीचं खोरं, कोरिया, जपान, चीन इथल्या अनेक रानटी लिलियम जातींचा संकर करून ती तयार झाली. तिच्या पूर्वजांत ठिपक्याठिपक्यांची केशरी टायगर लिली आहे, चीनच्या डोंगरातली डेव्हिडी आहे, जपानची मॅक्युलाटम आहे. जपानी बागवान असे संकर फार पूर्वीपासून करत आले. पण आज कुंडीत दिसते ती ताठ, वर तोंड करणारी, ठसठशीत लिली मोठ्या प्रमाणावर घडली ती अमेरिकेत. ओरेगॉन राज्यात यान द ग्राफ नावाचा, कंदांचा पिढीजात धंदा असलेल्या डच घराण्यातला माणूस १९३० च्या दशकात लिलीच्या मागे लागला. त्यानं हजारो रोपं संकरातून वाढवली, आणि त्यातून १९४० च्या दशकात आलेली ‘एन्चान्टमेंट’ ही केशरी जात पुढे कित्येक वर्षं जगभरच्या फुलबाजारांत राज्य करत राहिली. आता हा कंदांचा धंदा मुख्यतः नेदरलँड्सच्या हातात आहे. उलट ऋतू असलेल्या चिली आणि न्यूझीलंडमध्येही कंद वाढवले जातात, म्हणून बाजारात ते जवळपास वर्षभर मिळत राहतात.

या सगळ्या पूर्वजांच्या गावी हिवाळ्यात जमीन गोठते. अशा ठिकाणी जमिनीत पडून राहिलेल्या कंदाला एक धोका असतो. ऑक्टोबरात चार दिवस ऊन पडलं, म्हणून वसंत आला असं समजून त्यानं कोंब काढला, तर पुढच्या बर्फात तो कोंब मरणार. म्हणून कंदाच्या आतच एक कुलूप आहे. सलग सहा-आठ आठवडे २ ते ५ अंश सेल्सिअसच्या आसपास थंडी मिळाल्याखेरीज तो नीट कोंब काढत नाही, आणि काढलाच तर खुजा, आंधळा म्हणजे कळीविना राहतो. थंडीचा हिशेब पूर्ण झाला की कंदातले संप्रेरकांचे तोल बदलतात, साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते आणि कोंब सुटतो.

आता वऱ्हाडाकडे या. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर, अकोला त्याहूनही खाली. डिसेंबर-जानेवारीत रात्री साधारण १२ ते १५ अंश, थंडीची लाट आली तर दहाच्या खाली. दुपारी मात्र पारा पुन्हा २८-३० वर. दोन महिने सोडा, दोन दिवसही सलग ५ अंश तापमान इथल्या जमिनीला मिळत नाही. आणि मे महिन्याबद्दल काय सांगावं. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. तेव्हा कुंडीतली माती किती तापली असेल, त्याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. म्हणजे आपल्या हवेत कंदाचं कुलूप उघडायला थंडी पुरत नाही, आणि उघडून फुलून झाल्यावर त्याला पुढे जगवायला उन्हाळा परवानगी देत नाही.

मग इथे ती फुलते कशी? कारण थंडीचं काम आपल्याऐवजी शीतगृह करून ठेवतं. कंद काढल्यावर व्यापारी ते ओलसर पीटमध्ये भरून आठवडेच्या आठवडे थंड ठेवतात, आणि त्याहून जास्त काळ टिकवायचे तर एशियाटिक कंद उणे दोन अंशांपर्यंत गोठवतात. परदेशातून आलेले कंद भारतात वनस्पती संगरोधाच्या नियमांतून तपासून आत येतात, आणि शीतसाखळीतूनच पुण्याच्या आसपासच्या पॉलिहाऊसपर्यंत, मोठ्या नर्सऱ्यांपर्यंत, ऑनलाइन विक्रेत्यांपर्यंत पोचतात. आपल्याला मिळणारा कंद असा कुलूप उघडलेला असतो. आपलं काम एवढंच, की त्याला वाढीच्या दोन-अडीच महिन्यांत फार तापू द्यायचं नाही.

म्हणून कंद विकत घेताना पहिला प्रश्न रंगाचा नको, थंडीचा हवा. विक्रेत्यानं तो शीतपेटीत ठेवला होता का, की महिनाभर दुकानाच्या फळीवर पडून होता? लिलीचा कंद कांद्यासारखा दिसला तरी त्याला कांद्याचं कोरडं टरफल नसतं. खवल्याखवल्यांचा उघडा गड्डा असतो तो. म्हणून तो पटकन सुकतो, आणि हाताळताना खवले मोडतात. घट्ट, जड, बुडाशी जिवंत जाड मुळं असलेला कंद घ्यावा. सुरकुतलेला, बुडाशी तपकिरी मऊ डाग असलेला किंवा पिशवीतच बोटभर पिवळा कोंब फुटलेला नको. आकार घेराच्या सेंटिमीटरमध्ये सांगतात: १०-१२, १२-१४, १४-१६. लहान कंदाला दोन-चार कळ्या येतात, मोठ्याला पाच-सहा किंवा त्याहून जास्त, अर्थात जातीप्रमाणे फरक पडतो. आपल्याकडे १२-१४ किंवा त्यापुढचाच घ्यावा, असं माझं मत. लहान कंदाला उष्णतेचा ताण सोसायला अंगात साठा कमी असतो.

जातींत पांढरी ‘नवोना’, केशरी ‘ब्रुनेल्लो’ आणि ‘ट्रेझॉर’, पिवळी ‘पॉलियाना’ या जुन्या, खात्रीच्या. कुंडीसाठी ‘टायनी’ या नावानं सुरू होणाऱ्या बुटक्या जाती निघाल्या आहेत. त्या फूट-दीड फूट वाढतात आणि त्यांना काठीचा आधार लागत नाही. पण वऱ्हाडातल्या माणसानं ‘एलए’ असं लिहिलेले कंदही जरूर शोधावेत. एल म्हणजे लाँगिफ्लोरम, ए म्हणजे एशियाटिक. लाँगिफ्लोरम ही पांढरी, लांब तुतारीची लिली तैवान आणि दक्षिण जपानच्या बेटांवरची, म्हणजे बर्फाच्या मुलखातली नाही. तिचा आणि एशियाटिकचा संकर सरळ होत नाही. बीज तयार झालं तरी आतला गर्भ मरतो, म्हणून तो प्रयोगशाळेत काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. या खटाटोपातून आलेली एलए लिली जास्त जोमदार असते आणि उष्णता थोडी अधिक सोसते. सिव्हिल लाईन्समधला बंगला असो की साईनगरातली गच्ची, माझी पहिली शिफारस तिलाच.

लागवडीची वेळ हा सगळ्यात नाजूक भाग. ऑक्टोबरचा चटका आपल्याकडे चांगलाच बसतो. त्यात कंद लावला तर कोंब घाईनं येतो, दांडा आखूड राहतो आणि कळ्या मोजक्या. दिवाळी उलटून रात्रीला गारवा आला, घरोघर हरभऱ्याची पेरणी उरकली, की नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिली तुकडी लावावी. दुसरी डिसेंबरच्या सुरुवातीला. त्यापुढे नको. कंद लावल्यापासून फुलापर्यंत थंड पॉलिहाऊसमध्ये अडीच-तीन महिने लागतात. आपल्या उबदार हवेत हा काळ बऱ्याचदा दोन महिन्यांवर येतो. म्हणजे पहिली तुकडी जानेवारीत आणि दुसरी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फुलेल. फेब्रुवारीचा शेवट आला की दुपार पुन्हा ३४-३५ अंशांवर जाते, आणि उमललेलं फूल जे आठ-दहा दिवस टिकायचं ते चार दिवसांत मान टाकतं. जानेवारीत सवलतीत मिळाले म्हणून कंद आणून लावण्याचा मोह टाळावा. सवलत का आहे, ते विक्रेत्याला ठाऊक असतं.

वाफा की कुंडी? शंका असेल तर कुंडी. तिला उचलून हलवता येतं, आणि वऱ्हाडात लिलीच्या बागकामात निम्मं काम हलवण्याचंच आहे. नोव्हेंबरात सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी पूर्वेची जागा. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच तास ऊन चालतं. कळीचा रंग दिसू लागला की पुन्हा सावलीकडे. एशियाटिक गटाला लिलियमच्या सगळ्या गटांत उजेड जास्त लागतो. युरोपच्या अंधाऱ्या हिवाळ्यात काचघरांतही तिच्या कळ्या उजेडाअभावी गळतात. ती अडचण आपल्याला नाही. म्हणून ५० टक्क्यांची हिरवी जाळी सरसकट टांगून ठेवू नये. पहिले तीन आठवडे आणि फुलाच्या वेळी ती लागते. मधल्या काळात पोरीला ऊन खाऊ द्यावं.

कुंडी मातीची असावी, रंग न दिलेली, दहा इंची तरी. काळ्या प्लास्टिकची कुंडी किंवा ग्रो-बॅग उन्हात आतून तापते. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरत राहतं आणि वाळताना मुळांचा भाग गार ठेवतं. घरचा माठ जे करतो तेच. वऱ्हाडची हिवाळी हवा कोरडी असल्यामुळे हा परिणाम इथे कोकणापेक्षा चांगला मिळतो. मुळांजवळ १२ ते १५ अंश ही लिलीची आवडती स्थिती, निदान पहिले तीन-चार आठवडे. कारण बहुतेक जातींत दांड्याला किती कळ्या लागणार, ते याच सुरुवातीच्या काळात ठरतं. तेवढी गार माती आपल्याला पहाटेच मिळते. म्हणून कुंडीभोवती ओली विटकर किंवा रेती रचावी, किंवा एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत बसवून मधे ओली रेती भरावी. दिसायला थोडं अवजड, पण उपयोग होतो.

मातीच्या बाबतीत आपल्या वावरातली काळी आपल्याला नडते. कपाशीला आणि तुरीला पोसणारी ही भारी जमीन, निम्म्याच्या आसपास चिकणमातीची. ओली झाली की फुगते आणि हवेला जागा उरत नाही, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. त्यात चुनखडी असल्यानं सामू आठाच्या आसपास. लिलीला सहा ते साडेसहा-सातपर्यंतचा सामू आवडतो. चुनखडीच्या मातीत लोह असूनही ते विरघळत नाही, आणि वरची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा कुंडीत काळी माती चौथाईपेक्षा जास्त नको. बाकीत पोयटा किंवा तांबडी माती, धुतलेली जाड रेती, पूर्ण कुजलेलं पानांचं खत किंवा गांडूळखत, आणि थोडं कोकोपीट. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावं, कारण त्यात मीठ असतं. ताजं शेणखत अजिबात नको, कंद कुजतो. आणि शेतकरी घरात हाताशी असलेलं सुपर फॉस्फेटही नको. त्यात फ्लोराइडचा अंश असतो आणि लिलियम फ्लोराइडला हळवी. पानांची टोकं जळाल्यासारखी तपकिरी होतात ती बऱ्याचदा यामुळे. स्फुरद द्यायचाच असेल तर हाडांचं खत बरं.

पाण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण वऱ्हाडात बागा पाण्यानं बिघडतात हे लोक सहसा मातीवर ढकलतात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यावर कपाशी कशीबशी तग धरते. लिली धरत नाही. लिलियम ही क्षारांना सर्वांत लवकर कंटाळणाऱ्या फुलझाडांपैकी एक. डच उत्पादक तिच्यासाठी पाण्याची विद्युतवाहकता अर्ध्या मिलिसीमेन्सच्या आत आणि क्लोराइड लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असावं असं सांगतात. मुळं बारीक आणि मोजकीच असल्यामुळे क्षार वाढले की ती ताठर, तपकिरी होतात, रोप पाणी उचलू शकत नाही, आणि माणूस आणखी पाणी घालतो.

अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं आणि अकोल्याला काटेपूर्णाचं पाणी येतं. हे नळाचं पाणी लिलीला पुष्कळ बरं. बोअरचं असेल तर आधी तपासून घ्यावं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात माती-पाण्याच्या तपासणीची सोय आहे. आणि एक गोष्ट घराघरांत घडते म्हणून मुद्दाम सांगतो. आरओ मशीनमधून बाजूला पडणारं पाणी ‘वाया कशाला’ म्हणून कुंड्यांना घालतात. ते पाणी म्हणजे गाळून उरलेला सगळा क्षार एकत्र झालेला. ते अंगण धुवायला वापरा, फरशी पुसायला वापरा. लिलीच्या कुंडीत नको. पावसाळ्यात टाकीत साठवलेलं पागोळ्याचं पाणी असेल तर त्याहून उत्तम काही नाही.

कंद लावताना खोलीवर लक्ष द्यावं, कारण यात एक गंमत आहे. लिलीला मुळं दोन ठिकाणी फुटतात. कंदाच्या बुडाशी असलेली जुनी मुळं सुरुवातीला रोप सांभाळतात, पण खरं पोट भरतात ती कोंब वर येताना कंदाच्या वर, दांड्याच्या मातीतल्या भागाला फुटणारी मुळं. त्यांना जागा हवी म्हणून कंदावर चार इंच माती यायला हवी. वर वर लावला तर ती मुळं उघडी पडतात किंवा फुटतच नाहीत, आणि रोप कळ्या लागल्यावर उपाशी मरतं. दहा इंची कुंडीत तीन कंद. तळाशी विटांच्या तुकड्यांचा निचरा, त्यावर दोन-तीन इंच माती, कंद, वर चार इंच माती. लावण्याआधी कंद गोठलेले आले असतील तर पिशवी उघडून सावलीत हळूहळू सुटू द्यावेत. एकदा सुटले की पुन्हा गोठवू नयेत. बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवून काढणं फायद्याचं, कारण फ्युजेरियमसारख्या बुरशीची कंदकूज उबदार मातीत लवकर पसरते.

पहिलं पाणी भरपूर द्यावं, मग वरचा इंचभर थर सुकला की पुढचं. कोंब आठवडा-दीड आठवड्यात दिसतो. तोवर खत काहीच देऊ नये. कंदात पुरेसं आहे, आणि मुळं नसताना दिलेलं खत म्हणजे पुन्हा क्षारच. कोंब वितभर झाला की कॅल्शियम नायट्रेट अगदी सौम्य, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कॅल्शियम कमी पडलं की कळीजवळची कोवळी पानं जळतात. मावा दिसला तर दुर्लक्ष नको. रस शोषण्यापेक्षा त्याचं मोठं नुकसान म्हणजे तो एका रोपाचा विषाणू दुसऱ्यात नेतो, आणि विषाणू लागलेल्या लिलीवर औषध नाही, रोप उपटून टाकावं लागतं. निंबोळी अर्काची फवारणी आधीपासून ठेवावी. उन्हाळलेल्या हवेत फुलकिडे कळीत शिरून पाकळ्यांवर पांढरे ओरखडे काढतात, त्यालाही तेच.

वाफ्यात लावायची असेल तर जमीन एक फूट उंच करून, वर सांगितलेलंच मिश्रण भरून गादीवाफा करावा, घराच्या पूर्वेला. कंद वीतभर अंतरावर, सरळ ओळीत न लावता पाच-सातच्या घोळक्यात. ओळीतली लिली कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसते. पुढे डायन्थस, पिटुनिया, ॲलिसम अशी बुटकी हिवाळी फुलं लावली की माती झाकली जाते आणि मुळांना सावली मिळते. आच्छादनाला नोव्हेंबरात आपल्याकडे सोयाबीनचं कुटार मुबलक. दोन इंच पसरावं, पण दांड्याला टेकू देऊ नये, आणि वाळवी आहे का ते दर आठवड्याला उचलून पाहावं. घुशी हा शहरातला दुसरा शत्रू. चीन-जपानात काही लिलींचे कंद भाजी म्हणून खातात, तेव्हा घुशीला ते आवडले तर नवल नाही. वाफ्याच्या तळाशी बारीक तारेची जाळी अंथरणं हाच उपाय.

फूल उमललं की पहिल्याच दिवशी सहा परागकोश चिमटीनं काढून टाकावेत. फूल जास्त टिकतं आणि कपड्यावर डाग पडत नाहीत. पडलेच तर पाण्यानं चोळू नयेत, चिकटपट्टी लावून उचलावेत. घरात मांजर असेल तर मात्र ही लिली घरात आणूच नये. लिलियमचं पान, पाकळी, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या पोटात गेलं तर त्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. परागानं माखलेलं अंग मांजर चाटतं, तेवढंही पुरतं. माणसाला आणि कुत्र्याला असा धोका नाही. मांजर लिलीजवळ गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावं.

जाता जाता, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. लिलियमच्या पेशीत २४ गुणसूत्रं असतात आणि ती प्रचंड मोठी. तिचा जनुकसंच माणसाच्या दहापटीहून मोठा आहे. म्हणूनच अर्धसूत्री विभाजन शिकवायला जगभर लिलीचे परागकोश वापरतात. त्यासाठी अगदी कोवळ्या, हिरव्या कळीतले हवेत. एक कळी त्या कामी गेली तर घरच्यांनी रागावू नये.

फुलं ओसरल्यावर काय, हा प्रश्न हमखास येतो. थंड हवेच्या देशांत पानं हिरवी ठेवून कंद पुन्हा भरू देतात आणि तोच जमिनीत राहतो. आपल्याकडे फुलं फेब्रुवारीत संपतात आणि कंद भरायला हवे ते आठवडे मार्चच्या उन्हात जातात. पानं घाईनं पिवळी पडतात. कंद काढून पाहिला तर लावला त्याहून लहान. हा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ओलसर कोकोपीटमध्ये ठेवता येतो, सफरचंद आणि पिकलेल्या केळ्यापासून दूर, कारण त्यांच्या इथिलीन वायूनं कोंबातली कळी मरते. पण मार्च ते नोव्हेंबर म्हणजे आठ महिने. घरच्या फ्रिजच्या चार-पाच अंशांत तो तीन-चार महिन्यांतच कोंब काढू लागतो, आणि बाहेर तेव्हा जुलैचा दमटपणा. व्यापारी उणे दोन अंश देतात, ते आपल्याला जमत नाही. हौस म्हणून एक-दोन कंदांवर प्रयोग करावा; बाकीचे खताच्या खड्ड्यात गेले तरी हळहळ नको. कापलेलं फूल विकत घेताना आपण त्याच्या कंदाचा विचार करत नाहीच.

वऱ्हाडात लिलियम जमिनीत टिकवण्याचा प्रयत्न करावा अशी एकच जागा आहे, चिखलदरा. परतवाड्याहून घाट चढून गेलं की आपण सुमारे ११०० मीटरवर येतो. उंचीच्या हिशेबानं तिथली हवा अमरावतीपेक्षा साधारण पाच अंशांनी गार. विदर्भात कॉफी येते ती याच डोंगरावर. थंडीच्या लाटेत तिथे पहाटे दहिवर गोठतं. सलग थंडी तरीही सायबेरियाची नाही, पण एलए लिली, अर्धसावलीत, निचऱ्याच्या लाल मातीत, उन्हाळा निभावू शकेल. तिथे प्रश्न दोन. पावसाळ्यात धो धो पाऊस कंद कुजवतो, आणि मेळघाटातली सायाळ आणि रानडुकरं कुठलाही कंद उकरल्याशिवाय राहत नाहीत. तारेच्या जाळीचा पिंजरा करून त्यात कंद लावावा लागेल. महाराष्ट्राच्या रानात खरी लिलियम उगवत नाही. भारतातल्या रानटी लिलियम हिमालयात, मणिपूरच्या शिरुई डोंगरावर आणि दक्षिणेत निलगिरीकडे. सातपुड्यात त्यांची जागा कळलावीनं घेतली आहे. पावसाळ्यात मेळघाटच्या झुडपांवर चढलेली, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची. तिचा कंद विषारी असतो, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

मार्चमध्ये एशियाटिकचा वाफा रिकामा झाला की तो मोकळा ठेवू नये, नाहीतर मेपर्यंत त्याची वीट होते. त्याच जागी मागच्या बाजूला स्पायडर लिली लावावी. मूळ अमेरिकेची, पण आपली काळी माती आणि दुपारचं ऊन निमूट सोसणारी, वर्षभर हिरवी. मधे फुटबॉल लिलीचे कंद, जे हिवाळाभर झोपतात आणि मेच्या अखेरीस जागे होतात. कडेला रेन लिली: पांढरी, पिवळी, गुलाबी. मृगाची पहिली मोठी सर पडली की तीन-चार दिवसांत ती फुलते, मग पुढच्या सरीपर्यंत थांबते. यांना शीतगृह नको, डच कंद नको, पाण्याच्या तपासणीचा अहवालही नको. एकदा लावल्या की दर तीन वर्षांनी गड्डे फोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटावे लागतात. नोव्हेंबरात एशियाटिकसाठी जागा करायची तेव्हा रेन लिलीच्या कडेला हात लावू नका. फक्त मधल्या पट्ट्यातली माती बदला, आणि फुटबॉल लिलीचे झोपलेले कंद कुठे आहेत तिथे आधीच काडी रोवून ठेवा, म्हणजे खुरप्यानं कापले जाणार नाहीत.